चटणीवाल्याची आई

एका बाजारपेठेच्या गावात एक चटणीवाला आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन राहायला आला. आई मागच्या खोलीत उखळात शेंगदाणे, लसूण आणि तिखट कुटायची, मुलगा पुढे दुकानात बसून विकायचा. चटणी अशी, की वासानेच माणसाने आणखी एक भाकरी मागून घ्यावी. पण त्या पेठेत चटणीची दुकानं पुष्कळ. गिऱ्हाईक आज याच्याकडे, उद्या दुसऱ्याकडे जायचं.

शेजारचा अत्तरवाला म्हणाला, "अरे, चव जिभेवर किती वेळ राहते? गोष्ट डोक्यात राहते. चटणीला एखादी गोष्ट जोड."

चटणीवाल्याने आधी खरी गोष्ट सांगून पाहिली. "माझी आई पहाटे उठून स्वतःच्या हातानं कुटते हो!"

"मग आमच्या आया काय झोपून असतात?" असं म्हणून गिऱ्हाईक पुढे गेलं.

मग त्याने गोष्ट बदलली. डोळे पुसत तो सांगू लागला, "आई गेली माझी. शेवटच्या दिवशीसुद्धा अंथरुणातून उठली, माझा हात धरून ही चटणी शिकवली आणि उखळापाशीच मान टाकली."

बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. लोकांना रडायला आवडतं, आणि ते चटणीबरोबर फुकट मिळत असेल तर कोण सोडतो? दुकानावर 'आईची आठवण' अशी पाटी लागली. लांबलांबच्या गावांहून माणसं येऊ लागली.

"जिवंतपणीच मारलंस होय रे मला?" आईने विचारलं.

"नुसती गोष्ट आहे गं ती. दुकान उघडं असताना तू फक्त बाहेर येऊ नकोस."

आईने पुन्हा मुसळ हाती घेतलं. आया घेतात.

एकदा एक परगावची बाई कुटण्याचा आवाज ऐकून थेट मागच्या खोलीत डोकावली. बाहेर येऊन तिने भरल्या दुकानात विचारलं, "आतली म्हातारी कोण रे? चेहरा अगदी तुझ्यासारखा आहे."

हात पुसत आईही दारात आली होती. चटणीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं.

"ती होय? कामाला ठेवलेली बाई आहे."

"खरं का हो, आजी?"

आईने मुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो बाई. मी इथं कामाला असते."

त्यानंतर ती मुलाशी बोलली नाही. मुकाट्याने कुटत राहिली, आणि थंडीत एका सकाळी उठलीच नाही.

चटणीवाला धाय मोकलून रडत पेठेत आला. "आई गेली हो माझी! खांदा द्यायला चला!"

लोक हसले. एकाने विचारलं, "काय रे, नवी चटणी काढलीस वाटतं?"

"खरंच गेली हो!"

"ठाऊक आहे आम्हाला. उखळापाशी गेली ना? आई एकदाच मरते, बाबा."

तो अत्तरवाल्याकडे धावला. अत्तरवाल्याने त्याला घाईने आत ओढलं. "हळू बोल! हे बाहेर कळलं तर दुकान बुडेल तुझं."

शेवटी शेंगदाण्याची पोती वाहायच्या हातगाडीवर घालून त्याने तिला एकट्यानेच नेलं. वाटेत लोक विचारत, "कोण गेलं रे?" तो प्रत्येकाला "माझी आई" असंच सांगत होता, आणि ते एकालाही पटत नव्हतं.

तात्पर्य एवढंच: माल खपवायला गोष्ट जरूर सांगा, पण घरच्या माणसाचं दुःख विकायला काढू नका. खरं रडायची वेळ येते, तेव्हा ते आधीच विकून संपलेलं असतं.