खांब पुसलेला फोटो

"खांब कधी उपटलास?"

केरबा वस्तादांनी हे विचारलं तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता. या तालमीत मी पंचवीस वर्षं येतोय. वस्ताद ओरडले की समजावं, थोडक्यात सुटलो. ते हळू बोलले की काही खरं नसतं.

सुयशनं हातातला मोबाइल खिशात घातला.

"कुठला खांब?"

"तालमीत खांब एकच हाय."

एकच आहे. अडतीस वर्षांपूर्वी वस्तादांनी स्वतःच्या हातानं पुरलेला सागवानी मल्लखांब. त्याच्या बुंध्याला एक गाठ आहे. पहिल्या दिवसापासून ती गाठ कोनाड्यातल्या मारुतीच्या बाजूला होती. त्या दिवशी ती दाराच्या बाजूला होती.

खांबाला रोज एरंडेल मी चोळतो, आणि तीन दिवस मला हे दिसलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

"रविवारी," सुयश म्हणाला. "तुम्ही मुलीकडे गेला होता तेव्हा. दोन तासांचं तर काम, वस्ताद. परत पुरला की."

"कशापायी?"

"फोटोसाठी."

तो फोटो एव्हाना सगळ्या गावानं पाहिला होता. चौकात त्याचा फलक लागला होता. सुयश हवेत आडवा, हात पसरलेले, डोळे मिटलेले. खाली तालमीची लाल माती, मागे कोनाड्यात मारुती. खांब कुठंच नाही. दोन दिवसांत तीन माणसं दारात येऊन विचारून गेली, पोरांना हवेत तरंगायला किती दिवसांत शिकवता म्हणून.

"दोन फोटो घ्यायचे असतात," सुयश सांगू लागला, जणू समोर अडाणी माणूस बसलाय. "एक मी खांबावर असतानाचा. दुसरा त्याच जागेचा, खांब नसलेला. मग एकावर एक ठेवायचे आणि मधला खांब पुसून टाकायचा. नुसता मोबाइलवर पुसला तर मागच्या मारुतीचं तोंड बिघडत होतं. म्हणून मग मी आणि दोन दोस्तांनी..."

"मारुतीची काळजी घेतलीस."

"घेतली ना."

"बुडाशी दगड घातलं?"

"माती घातली. दाबली चांगली. पायानं."

"पायानं," वस्ताद म्हणाले. त्यांनी खांबाच्या बुडाची माती अंगठ्यानं टोकरली.

"आज सकाळी आरोही चढली," वस्ताद म्हणाले. "आठ वरसांची पोर. वर टोकाच्या बोंडाला हात घातला, अन् खांब हलला. काखंत धरून उतरवली तिला. तिची आई दारात उभी हुती. हसत हुती. तिला कळलं बी न्हाई."

सुयशचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. येत्या नागपंचमीला वस्ताद तालीम त्याच्या हाती सोपवणार होते. गावभर तसं सांगून झालं होतं. माझ्यासमोर चूक कबूल करायची त्याची तयारी नव्हती.

"हलला असेल थोडा. पण वस्ताद, एक सांगा. पकड कुणाची? माझी. मांड्या माझ्या. बारा वर्षं घाम माझा गेला. आणि लोक बघतात लाकडाकडे. खांब करतो काय हो? नुसता उभा तर असतो."

त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटलं. वाजवली नाही, वस्ताद होते म्हणून.

"थांबा, दाखवतोच," सुयश म्हणाला.

"चढू नगंस."

तोवर तो चढलाही होता. चढणं त्याचं देखणं, यात वाद नाही. खांबाच्या मानेला त्यानं मांडीची पकड घातली, अंग आडवं सोडलं आणि दोन्ही हात पसरले. अगदी फलकावरचा सुयश.

मग खांब दाराकडे कलला.

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला इतक्या चपळाईनं हलताना मी पाहिलेलं नाही. वस्तादांनी खांबाला खांदा दिला. मीही धावलो. बुडातली माती भाकरी मोडावी तशी फुटून वर आली होती.

"वस्ताद..."

"हलू नगंस."

"पडतोय मी, वस्ताद."

"हात पसरलेलंच ऱ्हाऊ देत. झ्याक दिसतुयास." वस्तादांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. "काढ आता फोटू. खांब पूस. मला बी पूस."

सुयशनं दोन्ही हातांनी खांब कवटाळला.

"उतर. सावकाश."

तो उतरला. जमिनीला पाय लागले तरी त्यानं खांब सोडला नव्हता. मग सोडला आणि वस्तादांच्या पायांशी वाकला. वस्तादांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पाया कशाला पडतुयास? मी काय फलकावर हाय?"

सुयश तसाच वाकून राहिला.

"मग... तालीम?" त्यानं विचारलं.

"आधी खांब उभा कर. पहार आण."

आम्ही खांब काढला. गाठ मारुतीकडे करून पुन्हा खड्ड्यात सोडला. पुरायची एक रीत आहे. एकानं काठावर उभं राहून खांबाला मिठी मारायची आणि तो सरळ धरायचा. बाकीच्यांनी दगडाचा थर, मातीचा थर, पाणी, मग माती ठोकायला जड धुम्मस, पुन्हा दगड. मिठी मारणाऱ्यानं जागचं हलायचं नाही, नाक खाजलं तरी. हे काम नव्या पोराला देतात.

वस्तादांनी ते सुयशला दिलं.

पाचच्या सुमारास पोरं आली. आरोहीही आली. सगळी भिंतीला टेकून बसली आणि धुम्मस कसं आपटतात ते बघू लागली. सुयशकडे कुणी बघेना. त्याचा पांढरा शर्ट एरंडेलानं पिवळा झाला होता, गाल खांबाला चिकटला होता.

दुसरा थर झाला. तिसरा झाला.

"वस्ताद," तो खांबाला तोंड लावूनच म्हणाला, "किती वेळ असं धरून उभं राहायचं?"

वस्तादांनी वाकून ओंजळभर माती घेतली, त्याच्या पावलाशी टाकली आणि हातानं दाबली.

"फोटूत दिसंनासा होशील तवर."