खंडूनानांनी मत दिलं

एका गावाच्या वरच्या आळीत खंडूनाना नावाचे एक भोळे आजोबा होते. सत्तरी उलटली होती, अक्कल तेवढी यायची राहिली होती. त्या आळीत सगळी म्हातारीच माणसं उरलेली आणि नळ मात्र खालच्या आळीत. हंडा घेऊन चढ चढताना बिचाऱ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा.

ग्रामसभा भरली. नानांच्या बायकोचे, अनसाबाईंचे, गुडघे धरले होते, म्हणून नाना एकटेच गेले. सरपंचांनी विचारलं, "वरच्या आळीला नळ कुणाला पाहिजे?"

नाना गप्प. एक हात कमी पडला आणि ठराव बारगळला.

घरी आल्यावर अनसाबाई कडाडल्या, "अवं, हात वर करायचा! 'आमच्या आळीला पायजे' म्हणून वरडायचं!"

"बरं," नाना म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात गावातले जुने मास्तर वारले. शोकसभेत सरपंच गहिवरून म्हणाले, "असं झोपेतलं मरण कुणाला मिळतं?"

नानांचा हात वर. "आमच्या आळीला पायजे! समद्यांना!"

आळीतल्या म्हाताऱ्यांनी धोतराला धरून त्यांना खाली बसवलं.

अनसाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं, तिथं मान खाली घालायची. 'लई वाईट झालं, देव बळ देवो' म्हणायचं."

"बरं."

हा माणूस काही नळ आणत नाही, हे ओळखून अनसाबाई स्वतःच निवडणुकीला उभ्या राहिल्या. समोर खालच्या आळीचा शिरपा. बाई काठी टेकत दारोदार फिरल्या, मागून नाना. कोंडाआजी म्हणाली, "अनसे, माझं मत तुलाच गं."

नानांनी झटकन मान खाली घातली. "लई वाईट झालं. देव बळ देवो."

कोंडाआजीनं धाडकन दार लावलं.

"आता तोंडच उघडू नगा!" अनसाबाई चिडल्या. "मतदान गुप्त असतंय. शिक्का मारायचा, कागदाची घडी घालायची. तुमचं मत कुणाला कळता कामा नये!"

"कुणालाच?"

"कुणालाच!"

"बरं."

मतमोजणी झाली. दोघांना सारखीच मतं. चिठ्ठी काढली, तर शिरपा निघाला. वरच्या आळीचा नळ आणखी पाच वर्षं लांबला. अनसाबाई ओट्यावर बसून रडायला लागल्या. "एक मत जास्त पडलं असतं तर! एकच!"

नाना हळूच शेजारी टेकले. इकडंतिकडं बघितलं. मुंडाशातून घडी घातलेली मतपत्रिका काढली आणि बायकोच्या कानाशी कुजबुजले, "रडू नगंस. म्या तुलाच मत दिलंय. कुणाला पत्ता लागू दिला न्हाई. पेटीलासुदीक न्हाई!"