बुधाजीनं न पाहिलेली कारवी

एका गावात एक बुधाजी राहायचा आणि त्याला सगळं माहीत होतं. गावाचं नाव कुडेवाडी. मागं सह्याद्रीचा डोंगर, पुढं भातखाचरं, मध्ये पंचवीस-तीस घरं, आणि त्यांतल्या एका घराच्या मागल्या खोलीत बुधाजी.

सगळं म्हणजे अगदी सगळं. समुद्राची सर्वांत खोल जागा कुठं, कोणत्या देशाला किनाराच नाही, कोणत्या राज्याचा पक्षी कोणता, कोणत्या पिकाला किती पाऊस लागतो. सरकारी अधिकारी नेमायची जी मोठी परीक्षा असते, तिची तयारी तो करत होता. त्या परीक्षेची गंमत अशी, की जे मिळवायला माणसाला दहा वर्षं कोंडून घ्यावं लागतं त्याला तिथं सामान्य ज्ञान म्हणतात, आणि जे पाठ करायला जागचं हलायचं नसतं त्याला चालू घडामोडी म्हणतात. नावं ठेवणाऱ्याचा सत्कार करायला हवा.

बुधाजीला पर्यायांची इतकी सवय लागली होती, की रस्त्यात कोणी “बरा आहेस का?” विचारलं तरी तो उरलेल्या तीन पर्यायांसाठी थांबायचा. ताट वाढताना झुंबरवहिनी म्हणायच्या, “भाऊजी, भात का भाकरी?” हा पुस्तकातून मान वर न करता म्हणायचा, “वरीलपैकी दोन्ही.”

खोलीला एक खिडकी होती. ती थेट डोंगरावर उघडायची. वाऱ्यानं पानं उलटतात आणि लक्ष जातं म्हणून बुधाजीनं ती बंद केली होती आणि तिच्यावर चार खिळे मारून जगाचा नकाशा लावला होता.

पण हसायचं कारण नाही. बुधाजी अडतीस वर्षांचा झाला होता. चार वेळा लेखी परीक्षेत पडला होता, त्यात एकदा अर्ध्या गुणानं. यंदा पहिल्यांदाच मुलाखतीचं पत्र आलं होतं, आणि नियमात त्याचं वय यंदापुरतंच बसत होतं. थोरल्या भावानं, कोंडाजीनं, दहा वर्षं एकट्यानं शेत ओढलं होतं. बुधाजीचं लग्न “पोस्ट निघाल्यावर” ठरायचं होतं. यंदा चुकलं की सगळंच चुकलं. मुलाखतीला बारा दिवस उरले होते.

आणि नेमकी तेव्हा डोंगरावर कारवी फुलली.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. बुधाजीच्या जन्मानंतरचा हा सहावा फुलोरा, आणि आधीचे पाचही त्यानं चुकवले होते. तीन वर्षांचा होता तेव्हा झोळीत झोपला होता. दहाव्या वर्षी गोवर आला. सतराव्या वर्षी बारावी आली. चोविसाव्या वर्षी दूरच्या कारखान्यात नोकरीला होता. एकतिसाव्या वर्षी शहरातल्या क्लासमध्ये बसून तो लिहून घेत होता: कारवी, सात वर्षे.

यंदा सगळं गाव डोंगरावर निघालं. गुरुजींनी शाळेला कुलूप घातलं. गावात कधी न दिसणारे तलाठी आप्पासुद्धा डोंगरावर दिसले. वहिनींनी खोलीच्या दारावर थाप मारली.

“भाऊजी, चला. कारवी फुललीय.”

आतून आवाज आला, “पश्चिम घाट. सात वर्षांनी एकदा. माहितीय मला.”

“माहितीय का ते कोण विचारतंय? बघायला चला म्हणते.”

“वहिनी, माझ्याकडं बाराच दिवस आहेत.”

“डोंगराकडं तरी कुठं फार आहेत?”

दार उघडलं नाही. बुधाजीनं पान उलटलं आणि शेजारच्या देशातल्या नव्या रेल्वेमार्गाची लांबी पाठ केली.

मुलाखतीच्या दिवशी तो कोंडाजीच्या लग्नातला कोट घालून शहरात गेला. टेबलापलीकडं तिघं बसलेले. मधोमध केळशीकर बाई, भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापिका, केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर. डावीकडं मिशीवाले एक निवृत्त पोलीस अधिकारी. उजवीकडं एक गृहस्थ होते, ते बहुतेक वेळ पाणीच पीत होते.

अर्धा तास बुधाजी नुसता बरसला. नदी विचारली तर उपनद्यांसकट सांगितली. कायदा विचारला तर दुरुस्तीसकट. मिशीवाल्या साहेबांची मिशीसुद्धा जरा नरमली.

मग बाईंनी त्याचा अर्ज उचलून डोळ्यांजवळ धरला. “कुडेवाडी. डोंगराला अगदी खेटून आहे की. कारवी असेल तुमच्याकडं.”

बुधाजी खुलला. अहो, घरचाच प्रश्न! “होय मॅडम. सात वर्षांनी एकदा फुलते. फुलं जांभळी. बी धरलं की झाड मरतं. काठ्यांचा उपयोग कुडाच्या भिंतींसाठी.”

“शेवटची कधी फुलली?”

“यंदाच, मॅडम. आत्ता फुललेली आहे.”

“खरंच?” बाई खुर्चीत पुढं सरकल्या. “कशी दिसते हो?”

उत्तर जिभेवर तयार होतं. मार्गदर्शक पुस्तकाचं पान दोनशे बारा, वरून चौथी ओळ: डोंगरावर जणू जांभळा गालिचा अंथरल्याचा भास होतो. एवढं म्हटलं की झालं. कुडेवाडीला जाऊन कोण तपासणार होतं? दहा वर्षं, कोंडाजीची झिजलेली पाठ, वहिनींनी वाढलेली हजारो ताटं, सगळं त्या एका ओळीपलीकडं उभं होतं.

बोलण्याआधी बुधाजीनं मनातल्या मनात डोंगर डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. दिसला तो जगाचा नकाशा. चार खिळ्यांसकट.

“मॅडम,” तो म्हणाला, “मी पाहिली नाही.”

पाणी पिणाऱ्या गृहस्थांनी पेला खाली ठेवला.

मिशीवाल्या साहेबांनी विचारलं, “डोंगर घरापासून किती लांब?”

“खिडकीबाहेरच आहे, साहेब.”

“मग?”

“खिडकीवर नकाशा लावलाय.”

“कशाचा?”

“जगाचा.”

गृहस्थांना एवढा ठसका लागला, की शिपायाला आत यावं लागलं. साहेब मात्र हसले नाहीत. “उद्या तुमच्या हातात शंभर गावं दिली, तर त्यांच्यावरही नकाशाच लावून बसाल?”

बुधाजीच्या कानांतून वाफा निघत होत्या. तरी तो म्हणाला, “आजपर्यंतचा बुधाजी तेच करत आलाय, साहेब. उद्याचं आज सांगितलं तर तेही न पाहिलेलंच सांगितल्यासारखं होईल.”

बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “या तुम्ही.”

आपलं संपलं असं समजूनच बुधाजी दुसऱ्या दिवशी सकाळी गावात उतरला. खोलीत गेला, नकाशा उतरवला, खिडकी ढकलली. इतकी वर्षं बंद राहून पावसाळ्यात फुगलेली ती, हलेच ना. मग तो शहाण्या माणसासारखा दारानं बाहेर पडला आणि अंगावरच्या कोटासकट डोंगर चढू लागला.

पहिल्या वळणावर त्याचे पाय आपोआप थांबले.

आधी ऐकू आलं. कुठंतरी पिठाची गिरणी चालू आहे असं त्याला वाटलं. कुडेवाडीत गिरणी नव्हती. तो आवाज डोंगराचा होता. लाखो मधमाश्या एकदम घुमत होत्या, आणि ते घुमणं बुटांच्या तळव्यांतून वर चढून छातीत वाजत होतं.

मग दिसलं. पायथ्यापासून कड्यापर्यंत, कड्यावरून पुढच्या सोंडेवर, तिथून धुक्यात शिरून पलीकडं, जिथवर नजर पोचली तिथवर फुलंच फुलं. आणि जांभळी म्हणावीत तर कुठली जांभळी? ओहोळाकाठी निळी, उन्हात गुलाबी, कपारीत ओली काळपट. वरून एक ढग चालला होता, तर त्याच्या सावलीबरोबर अख्ख्या डोंगराचा रंग चालत होता. बुधाजी झाडांत शिरला. कारवी त्याच्या डोक्याच्या वर गेली. चिकट देठ कोटाला धरू लागले, फुलं कॉलरमध्ये पडू लागली. त्यानं एका काठीला हात लावला. ती थरथरत होती.

ही सगळी झाडं एकाच पावसात रुजलेली. वर्षानुवर्षं नुसती हिरवी उभी राहिलेली. आणि सगळ्यांना एकाच महिन्यात कळलं, की आता. कोणी कळवलं? कुठलं राजपत्र निघालं? कोणी सही केली? फुलून झालं की हे सगळं मरणार होतं, आणि त्याची घाई एकाही फुलाला नव्हती. सगळं माहीत असलेला बुधाजी खाली मातीत बसला. डोळे भरून आले. बाहीनं पुसले तर बाहीवरच्या परागांनी आणखीच चुरचुरले.

गवताचा भारा घेऊन वहिनी वरून उतरत होत्या. त्यांना आधी कोट दिसला, मग दीर.

“काय हो भाऊजी! मुलगी बघायला आलात का?”

“वहिनी, ही सगळी एकदम कशी फुलते?”

“मला काय माहीत? शिकलेले तुम्ही.”

“पुस्तकात नाही.”

“सासूबाई म्हणायच्या, डोंगर वर्षं मोजत असतो.”

“कशावर मोजतो?”

“ते विचारायचं राहिलं बघा.” वहिनींनी त्याच्याकडं नीट पाहिलं. “मुलाखतीचं काय झालं?”

“कारवी कशी दिसते ते विचारलं. पाहिली नाही म्हणालो.”

“साहेबांच्या तोंडावर?”

“हो.”

“म्हणजे दहा वर्षं गेली?”

“बहुतेक.”

वहिनींनी भारा खाली टाकला आणि त्याच्या शेजारी बसल्या. त्याच्या कॉलरमध्ये अडकलेलं फूल त्यांनी काढून टाकलं. मग म्हणाल्या, “गेली तर गेली. खोटं बोलून साहेब झाला असतात, तर रोज ताट वाढताना मी विचारलं असतं, सांगा बरं कशी दिसते.”

पुढचे आठ दिवस बुधाजी डोंगरावरच होता. मध काढणाऱ्यांना विचार, गुराख्यांना विचार. फुलोऱ्याच्या वर्षी कारवीला कोयता लावायचा नाही, हा गावाचा नियम त्याला तेव्हाच समजला. कुठं लिहिलेला नव्हता, पण आजवर कोणी मोडला नव्हता. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींनी तडतड फुटतात आणि बी उडतं, हे एका म्हाताऱ्यानं तोंडानं आवाज काढून दाखवलं. बुधाजी तोंड उघडं टाकून ऐकत राहिला.

नवव्या दिवशी निकाल लागला. सरकारी निकाल नवव्या दिवशी, हे कारवीपेक्षाही दुर्मीळ. यादीत खालून चौथं नाव बुधाजीचं होतं. कोंडाजी बांधावरच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीतून केळशीकर बाई उतरल्या. हातात काठी, पायात कापडी बूट. बुधाजी धावत गेला.

“मॅडम, तुम्ही इथं?”

“निकाल लागला, तुमचं-माझं काम संपलं. आता पाहुणी म्हणून आलेय,” बाई म्हणाल्या. “अकरा वर्षं मी डोंगराकडच्या प्रत्येक उमेदवाराला कारवी विचारते. सगळे एकच उत्तर देतात. जांभळा गालिचा.”

“पान दोनशे बारा,” बुधाजी म्हणाला.

“ती ओळ माझी आहे. तीस वर्षांपूर्वी लिहिली. माझ्याकडून एकानं उचलली, त्याच्याकडून दुसऱ्यानं, आता सगळ्या पुस्तकांत आहे.” बाईंनी चष्मा पुसला. खरं तर तो स्वच्छच होता. “घरात बसून लिहिली होती हो. कारवी मी अजून पाहिलेली नाही. दर वेळी वाटायचं, कोणीतरी काही वेगळं सांगेल. तुम्ही पाहिली नाही म्हणालात, तेव्हा मला खुर्चीत बसवेना.”

झुंबरवहिनींनी सगळं ऐकलं होतं. “बाई, चहा नंतर पिऊ,” त्या म्हणाल्या. “आज वारा सुटलाय. आता फुलं गळतील.”

तिघं चढले. पहिल्या वळणावर बाई थांबल्या. काठी बुधाजीच्या हातात दिली आणि सरळ झाडांत शिरल्या. पांढरे केस दोन पावलं दिसले, मग नुसती फांद्यांची हालचाल, मग तीही नाही. वारा आला, फुलं सांडली, माश्या घुमत राहिल्या. बराच वेळ गेला तसा बुधाजी दोन पावलं पुढं झाला. त्यानं तोंडाशी हात धरून हाक मारली, “मॅडम! कुठं आहात?”

कारवीच्या पार आतून आवाज आला. शाळा सुटलेल्या पोरीसारखा, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा.

“माहीत नाही!”

तात्पर्य: पाठ केलेल्याला पाहिलेलं म्हणू नये. “मी पाहिलं नाही” हे ज्याला चारचौघांत सांगता येतं, त्यालाच पुढं काहीतरी बघायला मिळतं, मग तो परीक्षा देणारा असो नाहीतर घेणारा.