कोरडा तापमापक

पाणी चूल सोडून नळात राहायला आलं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावरच्या एका घरात बॉयलर आणि टाकी शेजारी राहत. बॉयलरमधलं तापलेलं पाणी टाकीच्या पोटातल्या तांब्याच्या नळीतून फिरे आणि त्या उबेनं टाकीतलं अंघोळीचं पाणी गरम होई. किती तापवायचं, ते तापमापक सांगे.

एका सकाळी टाकीतलं पाणी भलतंच कढत झालं. घरात बारा दिवसांचं बाळ होतं.

"बॉयलरदादा, पुरे करा हो!" टाकी ओरडली.

"मी काय करू?" बॉयलर धुसफुसला. "तापमापक म्हणतोय, गार आहे, तापव."

"गारच आहे!" तापमापक भडकला. "जन्मात कधी खोटं बोललो नाही मी. माझ्यावर संशय?"

तेवढ्यात बाळाला न्हाऊ घालणाऱ्या सगुणामावशी आल्या. त्यांनी बादली भरली, सवयीनं आधी आपलं कोपर बुडवलं आणि "अगं बाई!" म्हणत झटकन मागे घेतलं. मग त्या टाकीभोवती फिरून पाहू लागल्या. तापमापक टाकीतल्या खोबणीतून निसटून उघड्या खिडकीपाशी लोंबत होता.

"तू खरंच बोलत होतास रे," टाकी हळूच म्हणाली, "पण वाऱ्याबद्दल."

मावशींनी त्याला पुसून पुन्हा खोबणीत नीट बसवलं. आता त्याला पाण्याचा खरा कढतपणा कळला. तो म्हणाला, "दादा, थांबा." बॉयलर थांबला.

दुसऱ्या दिवशी पाणी अगदी बेताचं तापलं होतं. तरीही मावशींनी आधी कोपर बुडवलंच. तापमापकाला त्याचा राग आला नाही.