कोळंबीच्या कवचाची पूड

“मग चूक कुणाची, बाबा? जैतुनच्या छातीची, की त्या पुडीची?”

डॉक्टर खांबेटे तावातावाने बोलत होते. अमीनबाबा फकिराच्या तकियावर, म्हणजे खाडीकाठच्या त्यांच्या मठीत, ते दर शुक्रवारी चार गोष्टी ऐकायला येत. हल्ली ऐकवायलाच जास्त.

पायरीवर जैतुन धापा टाकत बसली होती. खाडीकाठच्या गिरणीत कोळंबीची वाळलेली कवचं दळायचं तिचं काम. ‘कामाला लायक’ असं डॉक्टरांच्या सहीचं पत्र आज नेलं नाही, तर उद्या तिच्या जागी दुसरी उभी राहणार होती.

“छातीची नाहीच,” डॉक्टरांनी स्वतःच उत्तर दिलं. “कवचात कायटिन नावाचं द्रव्य असतं. किड्यांत असतं, बुरशीत असतं, माणसात नसतं. शरीर परक्याला ओळखतं आणि लढतं. मी खोटं पत्र देणार नाही.”

“तुमच्या खऱ्यावर माझी चूल पेटत नाही, डॉक्टर,” जैतुन म्हणाली.

बाबांनी विचारलं, “तुकडा मोठा असला तर?”

“त्याच्याकडे शरीर ढुंकूनही बघत नाही. मधल्या कणांवर मात्र पेटून उठतं.”

“आणि त्याहून बारीक दळलं तर?”

“तर... शांत होतं. प्रयोगांत तसं दिसलंय.”

“हे मुकादमाला सांगू नका हां!” जैतुन खोकत हसली. “मेला चाळणी बदलेल आणि तोंडावरचं फडकंही काढून घेईल.”

बाबा हसले नाहीत. ते डॉक्टरांकडे वळले. “गिरणीवरचा तुझा अहवाल, खात्याच्या साहेबांना पाठवलेला, केवढा होता, बेटा?”

“दीडशे पानं. कुणी उघडलासुद्धा नाही.”

“मग?”

“दहा पानांचा केला. मालकाचं नाव, आजारी बायकांची नावं, सगळं घातलं. साहेब भडकले. बदलीची धमकी दिली.”

“मग?”

डॉक्टर खाडीकडे बघत म्हणाले,

“चार ओळी पाठवल्या. ‘धुळीबाबत काळजी घ्यावी.’ लगेच मंजूर झाल्या.”

जैतुनला पुन्हा उबळ आली. ती थांबता थांबेना. तशीच खांब धरून ती उठली, कमरेला खोचलेली घडी सोडवली आणि सहीची जागा कोरी असलेलं पत्र डॉक्टरांपुढे ठेवलं.

बाबांनी डॉक्टरांच्या खिशातलं पेन काढलं. टोपण उघडून त्यांच्या हातात दिलं.

“बाबा... ही मरेल.”

“कर सही,” बाबा म्हणाले. “तूही आता बारीक दळला गेलास. कुणाला टोचत नाहीस.”