इसाबेलपुढची मेणबत्ती

“पण विझली तर, फादर?”

पास्कोल मास्तर पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. आमच्या वसईच्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारा हा ताठ माणूस. कोणापुढे म्हणून वाकायचा नाही. त्या सकाळी म्हाताऱ्या फादर एलायसच्या खुर्चीपाशी हातातली टोपी चुरगळत उभा होता. मी फादरांना केळी द्यायला गेलो होतो, तो तिथेच बसून राहिलो.

मास्तरांची बायको इसाबेल वर्षापूर्वी गेली. दफनाच्या संध्याकाळी कबरीवरची मेणबत्ती ते तशीच जळती घरी घेऊन आले, तळहाताच्या आडोशाने. तेव्हापासून एक संपत आली की तिच्यावरून दुसरी लावायची. मेणबत्त्या बदलल्या, ज्योत तीच.

आमच्यात मेलेल्याच्या नावाची मेणबत्ती कोणी फुंकत नाही, ती आपली आपण संपते. मास्तरांनी संपूही दिली नाही. हे ते भेटेल त्याला सांगत, आणि सांगताना त्यांची मान आणखी ताठ होई.

आता नाशिकला त्यांची मुलगी लिडवीन बाळंत झाली होती. बाळाचा बाप्तिस्मा ठरला होता. पपा आल्याशिवाय मी बाळाला चर्चमध्ये नेणारच नाही, असा तिचा निरोप होता. आईविना पहिलंच बाळंतपण, तिनं दुसरं काय म्हणावं? पण मेणबत्तीपाशी बसायला मास्तरांना माणूस मिळेना. शेवटी म्हणाले, एक चांगली जाडजूड लावतो आणि घराला कुलूप घालून जातो.

फादर काठी घेऊन उठले.

“चल, दाखव.”

मास्तरांच्या घरात खिडकीला लागून देव्हाऱ्यासारखा लाकडी अल्तार होता. त्यावर लेसचं कापड, प्लॅस्टिकची फुलं, इसाबेलचा फोटो आणि मधोमध ती मेणबत्ती. वाऱ्यानं पडदा आत येई, ज्योतीपाशी जाई, परत फिरे. फादरांनी फुलदाणी उचलली. तिच्याखाली लेसला जळून भोक पडलं होतं.

मास्तरांनी नजर चुकवली.

मग फादर असे तापले की विचारू नका. शहाण्या माणसाला एवढी अक्कल नसावी का, पडद्याखाली कोणी विस्तव ठेवतं का, आणि वर कुलूप घालून जाणार, म्हणजे शेजाऱ्यांनी काय राख सावडायला यायचं? बोलता बोलता त्यांनी पडद्याला गाठ मारली, खिडकी लावली, फुलं आणि कापड काढलं. मला पितळी परातीत वाळू आणायला सांगितली आणि मेणबत्ती तीत रोवली.

तरी ज्योत काळा धूर सोडत नाचतच होती. वात बोटभर लांब झाली होती.

“कापत नाहीस?”

“कापायला विझवावी लागते, फादर.”

फादर मेणबत्तीवर ओघळलेलं मेण नखानं खरवडू लागले.

मला आमचं लहानपण आठवलं. मेलेल्यांच्या दिवशी दफनभूमीत मेणबत्त्याच मेणबत्त्या असायच्या. आम्ही पोरं कबरींवर ओघळलेलं मेण खरवडून त्याचे गोळे करायचो. तेव्हा फादर तरुण होते. पपईच्या पानाच्या पोकळ देठात दोरा ओढून, त्यात ते मेण ओतून आम्हाला मेणबत्त्या करून द्यायचे. सगळ्यात मोठा गोळा इसाबेलचा असायचा. देठ सोलून मेणबत्ती निघाली की ती टाळ्या पिटायची. काय दिवस होते ते.

“पास्कोल, इथं जळतंय काय?” फादरांनी विचारलं.

“वात.”

फादरांनी खिशातून काडेपेटी काढून दोऱ्याचा तुकडा पेटवला. भुरकन जळून गेला.

“मग मेण.”

वाळूवर मेणाचा खडा ठेवून फादरांनी त्याला काडी लावली. खडा पाझरला, पण पेटला नाही.

मास्तर चिडलेच थोडे. म्हणाले, मी वर्षभर हिच्यापाशी बसलोय, मला काय विचारता.

फादरांनी आणखी एक काडी ओढली. दुसरी मेणबत्ती लावणार असतील असं आम्हाला वाटलं.

ते वाकले आणि इसाबेलच्या ज्योतीवर फुंकर मारली.

मास्तरांचा हात तेवढा पुढे आला आणि तसाच राहिला. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढत होती. फादरांनी जळती काडी त्या धुरात धरली, वातीपासून चांगली वर.

ज्योत धुरावरून सरसर खाली उतरली आणि वातीवर जाऊन बसली.

काडी वातीला लागली नव्हती. मी डोळ्यांनी पाहिलं.

मास्तर अल्तारापाशी खाली बसले. दफनाच्या दिवशीही न रडलेला माणूस हुंदके देऊन रडला. मग त्यांनी विचारलं, “तीच आहे का, फादर?”

फादरांनी काडेपेटी खिशात टाकली. पुन्हा वाकून फुंकर मारली, धूर पुरता विरू दिला, कात्री मागून घेतली आणि वात नखाएवढी ठेवून कापली. मास्तर बघत होते. या वेळी हात पुढे आला नाही.

दारापाशी जाऊन फादर वळले.

“नाशिकला काडेपेटी मिळते का रे, पास्कोल?”