कासारणीनं लेकाचा हात धरला

ऐका सांजमाई, तुमची कहाणी. आटपाट असं एक नगर होतं, त्याला चार वेशी होत्या, मधोमध मोबाईलचा मनोरा होता. तिथं मथुरा नावाची कासारीण राही. नवरा ट्रकवर, महिन्यामहिन्यानं घरी येई. पदरी एकच लेक, मल्हारी, यंदा दहावीला बसायचा. मथुरेचा हात मोठा हलका. कसल्याही आडमुठ्या हातात काकणं सुळकन चढवी.

मल्हारीला मोबाईलच्या खेळाचा नाद लागला. मथुरा म्हणाली, "उनाडक्या करीत नाही, डोळ्यांसमोर आहे, बरंच आहे." तो खेळे, ती घास भरवी. खेळता खेळता पैज आली. आधी खाऊचे पैसे गेले, मग सायकल गेली, मग दहावीच्या फॉर्मचे पैसे गेले. पोराची झोप उडाली, हसणं पळालं.

मग शाळेतून निरोप आला, "आठवड्यात फॉर्म भरा, नाहीतर पोर परीक्षेला बसणार नाही." मथुरेच्या पायांखालची जमीन सरकली. तिनं आरडाओरडा केला, मोबाईल हिसकावला, काकणांच्या पेटीत कुलपात घातला. पोरानं मित्राचा मागून आणला. तिनं हात उगारला. पोर म्हणालं, "मी घर सोडून जातो."

इतक्यात दारी एक म्हातारी आली. "बाई बाई, काकणं भर." मथुरेचं चित्त ठिकाणावर नाही. तिनं हात ओढला, काकण रेटलं. पहिलं पिचलं, दुसरं पिचलं, तिसरं पिचलं ते मनगटात रुतलं. रक्त आलं. मथुरा घाबरली. म्हातारी रागावली नाही. म्हणाली, "मथुरे, हात ओढला की काय होतं?"

"काकण पिचतं, आजी."

"मग कसं भरावं?"

"हात हातात घ्यावा, दाबून दाबून मऊ करावा, बाईला बोलतं करावं. मग काकण आपसूक चढतं."

"हे तुला ठाऊक आहे, मग पोराचा हात का गं ओढतेस?"

मथुरा ढसाढसा रडली, पाया पडली. "आजी, मला वसा सांगा."

"सांगते. घेशील तर उतू नको, मातू नको. दिवेलागणीला वात लावावी. त्याचा मोबाईल, तुझा मोबाईल, दोन्ही सुपात घालून वर फडकं झाकावं. डझनभर काकणं भरायला लागतो तितका वेळ पोराचा हात हातात घेऊन बसावं. तो बोलेल ते ऐकावं, रागे भरू नये. अशा एकवीस सांजा कराव्या." इतकं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

मथुरेनं वसा घेतला. पहिल्या सांजेला मल्हारीनं हात झिडकारला. दुसऱ्या सांजेला तोंड फिरवून बसला. तिसऱ्या सांजेला म्हणाला, "आई, मी जिंकून सगळं परत आणणार होतो गं. म्हणून खेळतच राहिलो." मथुरेच्या जिभेवर दहा शिव्या आल्या, तिनं त्या गिळल्या. मग तिनं गाठीचे पैसे काढले, दोघं शाळेत गेली, फॉर्म भरला. मग सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंकडे गेली, पोरानं तिथं सगळं सांगितलं.

दहाव्या सांजेला सुपात मथुरेचा मोबाईल वाजला. लग्नघरचं बोलावणं असेल, म्हणून तिनं फडक्याखाली हात घातला. दुसऱ्या दिवशी मल्हारी पुन्हा पैजेला बसला. म्हणाला, "तूही काढलास की!" मथुरेला खरं ते झोंबलं. म्हणाली, "चुकले रे बाळा. आजपासून पुन्हा पहिली सांज."

अशा वीस सांजा झाल्या. एकविसाव्या दिवशी ती लग्नघरी चुडे भरायला गेली. बायका सोडीनात, दिवेलागण टळली. मथुरा धावत निघाली. पोर काय करत असेल, या विचारानं तिचा जीव टांगणीला लागला. धापा टाकत दारात आली, तर वात लागलेली होती. सुपात मल्हारीचा मोबाईल होता, फडकं अर्धं उघडं ठेवलं होतं. शेजारी तो हात पुढं करून बसला होता.

"उशीर केलास, आई. तुझा आधी सुपात टाक."

तिनं टाकला. तो म्हणाला, "अजून हात शिवशिवतो गं." आणि त्यानंच तिचा हात घट्ट धरला.

मथुरेला म्हातारीच्या रूपानं सांजमाई पावली, तिला तिचं लेकरू परत मिळालं. तसं तुम्हांआम्हां सगळ्या आयांना मिळो. साठा बोलांची ही कहाणी पाचा बोलांत सांगितली, ऐकणारीच्या घरी सुफळ होवो, सांगणारीच्या मुखी संपूर्ण.